संदर्भलेखन (विकिपीडिया)

संदर्भलेखन म्हणजे विश्वकोशातील एखादे विधान कोणत्या प्रकाशित साधनावर आधारलेले आहे, याची वाचकाला तपासून पाहता येईल अशी नोंद करणे. विकिपीडिया हा सर्वांना संपादनासाठी खुला असलेला विश्वकोश आहे. त्यात लेखकाचे नाव, पदवी किंवा अधिकार विधानाच्या पाठीशी उभे राहत नाहीत. विधानाचा सारा भार त्याच्या संदर्भावर पडतो. त्यामुळे छापील विश्वकोशापेक्षा अशा विश्वकोशात संदर्भलेखनाला अधिक महत्त्व आहे.

या लेखातील बहुतेक उदाहरणे लातूर जिल्ह्यातील औसा शहर व तालुका यांच्याशी संबंधित आहेत. औसा लातूरच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटर अंतरावर आहे. भुईकोट किल्ला, खरोसा येथील लेणी, नाथ संस्थान आणि १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले किल्लारी यांमुळे या तालुक्याविषयी लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. मात्र त्याविषयीची साधने अनेक भाषांत, अनेक जिल्ह्यांच्या नावांखाली आणि वेगवेगळ्या कालगणनांत विखुरलेली आहेत. मराठी गावांवरील नोंदींमध्ये येणाऱ्या बहुतेक अडचणी येथे एकत्र पाहावयास मिळतात.

## पार्श्वभूमी

मराठीत विश्वकोशांची परंपरा विकिपीडियाहून जुनी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी संपादित केलेला महाराष्ट्रीय ज्ञानकोश विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात २३ खंडांत प्रसिद्ध झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालील मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विश्वकोशातील नोंदींच्या शेवटी लेखकाचे नाव असते आणि अनेक नोंदींना संदर्भग्रंथांची यादी जोडलेली असते. नोंद विषयतज्ज्ञाने लिहिलेली आणि संपादक मंडळाने तपासलेली असल्याने तेथे प्रत्येक वाक्याला स्वतंत्र तळटीप देण्याची गरज मानली गेली नाही.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी. आरंभीच्या काळात पुष्कळ लेख संदर्भांशिवाय लिहिले जात. २००५ मध्ये जॉन सीगेनथेलर या अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रलेखात कोणीतरी त्यांचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडला. हा धादांत खोटा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. या प्रकरणानंतर संदर्भांबाबतची, विशेषतः जिवंत व्यक्तींविषयीच्या लेखांतील संदर्भांबाबतची, शिस्त अधिक कडक झाली.

## मूलतत्त्वे

संदर्भलेखन तीन परस्परसंबद्ध तत्त्वांवर उभे आहे.

पहिले तत्त्व पडताळणीयोग्यतेचे. विधान खरे आहे असे संपादकाला वाटणे पुरेसे नाही. वाचकाला ते प्रकाशित साधनात पाहता आले पाहिजे. साधन महाग, दुर्मिळ किंवा केवळ ग्रंथालयातच उपलब्ध असले तरी चालते. ते प्रकाशित असणे आणि नेमके ओळखता येणे आवश्यक असते.

दुसरे तत्त्व मूळ संशोधन न करण्याचे. औशाच्या किल्ल्यातील एखादा शिलालेख संपादकाने स्वतः वाचला आणि त्यावरून बांधकामाचा काळ ठरवला, तर ते संशोधन होय. त्याची जागा संशोधन-पत्रिकेत आहे. तेथे ते छापून आले आणि तज्ज्ञांच्या नजरेखालून गेले, म्हणजे विश्वकोशाने त्याचा आधार घ्यावा. शिलालेखाचे छायाचित्र लेखात लावता येते, परंतु ते वाचनाचा पुरावा ठरत नाही.

तिसरे तत्त्व तटस्थतेचे. विश्वसनीय स्रोतांत मतभेद असल्यास संपादकाने निवाडा करू नये. कोण काय म्हणतो ते नावानिशी सांगावे आणि प्रत्येक मताला त्याच्या स्रोतांच्या वजनानुसार जागा द्यावी.

प्रत्येक वाक्याला संदर्भ लागतोच असे नाही. लातूर जिल्हा महाराष्ट्रात आहे, यासारख्या सर्वज्ञात विधानाला तो लागत नाही. आकडे, तारखा, अवतरणे, श्रेयाची वा दोषाची विधाने, ज्यावर शंका घेतली गेली आहे किंवा घेतली जाण्याची शक्यता आहे अशी विधाने आणि जिवंत व्यक्तींविषयीचा मजकूर यांना मात्र संदर्भ अनिवार्य समजला जातो.

## स्रोतांचे प्रकार

स्रोतांची विभागणी सामान्यतः प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक अशी केली जाते. १७६० मध्ये मराठे व निजाम यांच्यात झालेली उदगीरची लढाई हे याचे सोयीचे उदाहरण आहे. मोहिमेच्या काळात लिहिलेली पत्रे हा प्राथमिक स्रोत. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या मालेतील पहिलाच खंड या लढाईविषयी आहे. अशा कागदांचा अभ्यास करून लिहिलेला इतिहासग्रंथ, उदाहरणार्थ सरदेसाईंचीच 'मराठी रियासत', हा द्वितीयक स्रोत. ज्ञानकोश, विश्वकोश किंवा पाठ्यपुस्तक हा तृतीयक स्रोत.

विकिपीडियावरील लेख मुख्यतः द्वितीयक स्रोतांवर आधारलेले असावेत, असा संकेत आहे. प्राथमिक स्रोताचा उपयोग त्यात जे स्पष्ट लिहिले आहे तेवढेच सांगण्यापुरता करता येतो. त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. तृतीयक स्रोत ढोबळ माहितीसाठी चालतो. मात्र तो केव्हाचा आहे हे पाहणे आवश्यक असते. केतकरांच्या ज्ञानकोशातील एखाद्या गावाची लोकसंख्या त्या काळची आहे. ती वर्तमानकाळात लिहिणे चूक ठरते.

स्रोताची योग्यता विषयानुसार बदलते. शहराच्या प्रभागांविषयी किंवा हद्दीविषयी नगर परिषदेचे प्रकाशन ग्राह्य आहे, पण त्याच प्रकाशनातील 'शहराचा इतिहास' हे पान इतिहासाचा भक्कम स्रोत नव्हे. औसा येथील नाथ संस्थान व तेथील चक्रीभजनाची परंपरा यांविषयी संस्थानाची पुस्तिका संस्थानाची स्वतःची धारणा सांगण्यासाठी उपयोगी पडते. त्या परंपरेचा काळ, प्रसार किंवा महत्त्व ठरवण्यासाठी मात्र स्वतंत्र अभ्यासकाचे लेखन लागते. पहिल्या प्रकारचे विधान 'संस्थानाच्या पुस्तिकेनुसार' असे म्हणून लिहावे.

## औसा परिसराविषयीच्या स्रोतांतील अडचणी

### जिल्ह्यांची बदललेली नावे

लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून निर्माण झाला. त्यामुळे त्यापूर्वीची औशाविषयीची माहिती उस्मानाबाद जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आणि जनगणना-पुस्तिकांमध्ये शोधावी लागते. आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हा भाग १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. उस्मानाबादचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. लेखाच्या मजकुरात प्रचलित नाव वापरता येते, परंतु ग्रंथाचे शीर्षक छापले आहे तसेच द्यावे. 'उस्मानाबाद जिल्हा गॅझेटिअर' हे नाव बदलून लिहिल्यास वाचकाला ते पुस्तक कोणत्याही ग्रंथालयाच्या सूचीत सापडणार नाही.

### स्थलनामांचे लेखन

जेम्स बर्जेस यांनी १८७८ मध्ये बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांवर प्रसिद्ध केलेल्या अहवालात खरोशाच्या लेण्यांचे वर्णन आहे. तेथे गावाचे नाव 'करूसा' असे वाचले जाईल अशा रीतीने छापलेले आहे. 'खरोसा' या नावाने शोध घेणाऱ्याला हा महत्त्वाचा स्रोत मिळत नाही. अशा वेळी संदर्भात स्रोतातील नाव आणि आजचे नाव दोन्ही नोंदवणे हिताचे असते.

### कालगणना

निजामी राजवटीतील कागदपत्रांत फसली सन वापरलेला आढळतो. दख्खनच्या फसली सनात ५९० मिळवल्यास साधारणपणे इसवी सन येतो. फसली १३५७ म्हणजे इ.स. १९४७-४८. उत्तर भारतातील फसली सनाचा फरक निराळा आहे. शालिवाहन शकात सामान्यतः ७८ मिळवतात. हिजरी वर्ष चांद्र असल्याने त्यात एकच ठरावीक आकडा मिळवून चालत नाही. वर्षारंभ वेगवेगळे असल्याने महिना ठाऊक नसताना दोन इसवी वर्षे जोडून लिहावीत. संदर्भ देताना स्रोतातील मूळ सन आधी द्यावा व रूपांतर नंतर, म्हणजे रूपांतरात चूक झाली असली तरी ती पुढच्या संपादकाला दुरुस्त करता येते.

### विधानाचा जोर

औशाचा किल्ला बहमनी वजीर महमूद गवान याने बांधला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. मलिक अंबरने औशाला 'अंबरपूर' हे नाव दिले होते, असेही लिहिले जाते. अशा वाक्यांना संदर्भ जोडताना स्रोत नेमके काय म्हणतो ते पाहावे. 'बांधला', 'बांधल्याचे मानले जाते' आणि 'बहमनी काळात बांधला गेला' ही तीन वेगळी विधाने आहेत. स्रोतात दुसरे असताना लेखात पहिले लिहिणे म्हणजे खऱ्या संदर्भाच्या आधारे चुकीची माहिती देणे होय. ही चूक संदर्भ नसण्यापेक्षा अधिक हानिकारक ठरते, कारण तळटीपेचा आकडा पाहून वाचक निर्धास्त होतो.

## भिन्न आकड्यांचे उदाहरण: किल्लारी भूकंप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास झालेल्या भूकंपात औसा तालुक्यातील किल्लारी, तत्कालीन उमरगा तालुक्यातील सास्तूर आणि परिसरातील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. या घटनेविषयी स्रोतांची उणीव नाही. येथे अडचण आहे ती स्रोतांतील फरकाची.

भूकंपाची तीव्रता काही ठिकाणी ६.२ तर काही ठिकाणी ६.४ अशी दिलेली आढळते. यांपैकी कोणताही आकडा चुकीचा मानण्याचे कारण नाही. पहिला आघूर्ण परिमाणावरील आहे आणि दुसरा भूपृष्ठतरंगांच्या मोजणीवरील. वृत्तपत्रांनी दोहोंनाही सरसकट 'रिश्टर' म्हटल्याने घोटाळा झाला. परिमाणाचे नाव व स्रोत दिल्यास दोन्ही आकडे लेखात सुखाने नांदू शकतात.

मृतांच्या संख्येबाबत प्रश्न अधिक गंभीर आहे. शासकीय आकडेवारीत ७,९२८ ही संख्या आढळते. अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत ती ९,७४८ आहे. 'सुमारे दहा हजार' असेही सर्रास लिहिले जाते. या आकड्यांची सरासरी काढणे, मोठा आकडा घेणे किंवा जुना आकडा खोडून संदर्भाविना नवा घालणे या तिन्ही कृती अयोग्य आहेत. योग्य पद्धत अशी, की प्रत्येक आकडा ज्या संस्थेचा आहे तिच्या नावासह व स्वतंत्र संदर्भासह द्यावा आणि तो केव्हाचा आहे हेही नोंदवावे.

आकड्यातील प्रत्येक एकक हे एका मृत माणसाचे असते. दोन संख्यांमध्ये १,८०० हून अधिक माणसांचे अंतर आहे. लेखात संदर्भाशिवाय एकच संख्या राहिली, तर हे अंतर अस्तित्वात आहे हेसुद्धा पुढच्या वाचकाला कळत नाही, मग त्याचे कारण शोधणे दूरच.

भूकंपानंतर किल्लारीसह अनेक गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. म्हणून १९९३ पूर्वीच्या स्रोतातील किल्लारीचे वर्णन आजच्या किल्लारीला जसेच्या तसे लावता येत नाही. जुन्या जागेविषयीच्या विधानाला जुना स्रोत व नव्या वसाहतीविषयीच्या विधानाला नंतरचा स्रोत असे वेगळे संदर्भ द्यावे लागतात.

## संदर्भाची रचना

पूर्ण संदर्भात पुढील तपशील अपेक्षित असतात.

- पुस्तक: लेखकाचे आडनाव व नाव, प्रकाशनवर्ष, शीर्षक, आवृत्ती वा खंड, प्रकाशक, प्रकाशनस्थळ, पृष्ठक्रमांक व असल्यास आयएसबीएन क्रमांक.
- वृत्तपत्र: बातमीदाराचे नाव असल्यास ते, बातमीचे शीर्षक, वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती, दिनांक व पृष्ठ.
- संशोधनलेख: लेखक, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, वर्ष, अंक व पृष्ठे.
- संकेतस्थळ: पानाचे शीर्षक, प्रकाशित करणारी संस्था, प्रकाशनाचा दिनांक, दुवा आणि पान पाहिल्याचा दिनांक.

यांपैकी पृष्ठक्रमांक सर्वांत अधिक वेळा वगळला जातो. पाचशे पृष्ठांच्या ग्रंथाचे नुसते नाव देणे म्हणजे वाचकाला गावाचे नाव सांगून घराचा पत्ता न देणे. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन क्रमांक नसतो. तेथे प्रकाशक, वर्ष व आवृत्ती काळजीपूर्वक लिहावी.

संदर्भाची खूण ज्या विधानाला आधार आहे त्याच्या लगेच शेवटी, सामान्यतः विरामचिन्हानंतर, ठेवतात. परिच्छेदात पाच विधाने तीन स्रोतांतून घेतली असतील, तर तिन्ही खुणा परिच्छेदाच्या शेवटी एकत्र ठेवू नयेत. एकच स्रोत पुन्हा वापरताना त्याला एक नाव देऊन तेच नाव पुढे वापरता येते. पुस्तक, बातमी व संकेतस्थळ यांसाठी तयार साचे उपलब्ध असल्याने तपशील रकान्यांत भरले की मांडणी आपोआप होते.

संकेतस्थळांचे दुवे कालांतराने मृत होतात. अनेक मराठी वृत्तपत्रांची सुरुवातीची संकेतस्थळे युनिकोडपूर्व टंकांत होती आणि त्यांतील पाने आज सहज शोधता येत नाहीत. म्हणून दुवा देतानाच त्या पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहात जतन करून तिचा दुवाही सोबत द्यावा. छापील अंकाचा दिनांक व पृष्ठ दिलेले असल्यास दुवा मृत झाला तरी संदर्भ जिवंत राहतो.

## नेहमी आढळणाऱ्या चुका

उसना संदर्भ. शाहजहानच्या काळात १६३६ मध्ये मोगलांनी उदगीर व औसा हे किल्ले घेतले. या विधानाला अब्दुल हमीद लाहोरीच्या 'पादशाहनामा' या फारसी ग्रंथाचा संदर्भ दिलेला असतो. संपादकाने मात्र एखादे मराठी पुस्तकच वाचलेले असते. अशा वेळी वाचलेल्या पुस्तकाचाच संदर्भ द्यावा आणि 'पादशाहनाम्याच्या आधारे' एवढे जोडावे. जे प्रत्यक्ष वाचले त्याचाच संदर्भ, हा या विषयातील पहिला नियम होय.

चक्राकार संदर्भ. विकिपीडियावरील निराधार वाक्य बातमीदार उचलतो, बातमी छापली जाते आणि तीच बातमी पुढे त्या वाक्याचा संदर्भ म्हणून लावली जाते. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याला 'ब्राझिलियन आर्डवार्क' असेही म्हणतात, असे गमतीने इंग्रजी विकिपीडियावर लिहिले. पुढे हे नाव वृत्तपत्रांत व पुस्तकांत शिरले. लहान शहरांच्या बाबतीत हा धोका मोठा असतो, कारण तेथे चूक दाखवणारा दुसरा ग्रंथ सहसा नसतो. विश्वकोशातील वाक्य पर्यटन-पुस्तिकेत, तेथून शाळेच्या प्रकल्पवहीत जाते आणि काही वर्षांत तोच 'स्थानिक इतिहास' होतो. म्हणून बातमी ही लेखातील वाक्यापूर्वीची की नंतरची, हे संपादन-इतिहासातील दिनांकाशी ताडून पाहावे.

संदर्भ म्हणजे परवानगी नव्हे. स्रोताचे नाव दिले म्हणून त्यातील परिच्छेद उतरवून घेता येत नाही. प्रताधिकार असलेल्या ग्रंथातील माहिती स्वतःच्या शब्दांत लिहून संदर्भ द्यावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत प्रताधिकार राहतो. केतकरांचे निधन १९३७ मध्ये झाल्याने त्यांचे लेखन आता या बंधनातून मुक्त आहे. तरीही श्रेयनिर्देश आवश्यकच आहे.

यंत्रनिर्मित संदर्भ. संभाषण करणाऱ्या संगणकीय प्रणाली कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावे आणि पृष्ठक्रमांक खात्रीशीर भाषेत देतात. असा संदर्भ मूळ पुस्तक हाती घेऊन पडताळल्याशिवाय वापरू नये.

## संदर्भ नसल्यास

निराधार विधान आढळल्यास संपादकापुढे तीन मार्ग असतात: स्वतः स्रोत शोधून जोडणे, 'संदर्भ हवा' ही खूण लावणे किंवा विधान काढणे. निरुपद्रवी व संभाव्य वाटणाऱ्या विधानाला खूण लावून वाट पाहणे इष्ट. लेखाच्या चर्चा पानावर शंका नोंदवल्यास मूळ लेखकाला उत्तर देण्याची संधी मिळते. जिवंत व्यक्तीची बदनामी करणारे निराधार विधान मात्र वाट न पाहता काढावे. संदर्भ देण्याची जबाबदारी विधान घालणाऱ्यावर असते, काढणाऱ्यावर नाही.

स्थानिक जाणकारांच्या बाबतीत हा नियम कठोर वाटतो. गावातील विहिरीचे, वेशीचे किंवा यात्रेचे नाव कसे पडले हे वृद्धांना ठाऊक असते, पण ते कोठेही छापलेले नसते. 'मला माहीत आहे' हा विश्वकोशात संदर्भ होत नाही. अशा माहितीचा मार्ग आधी प्रकाशनातून जातो. मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान' किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची प्रकाशने यांसारख्या ठिकाणी संपादकीय तपासणीनंतर लेखन प्रसिद्ध होते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासह विविध विद्यापीठांतील प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात पाहता येतात. तेथे माहिती देणाऱ्याचे नाव, मुलाखतीचा दिनांक व ठिकाण नोंदले गेले, की मौखिक माहितीही पडताळण्याजोगी होते.

## मर्यादा

संदर्भावर आधारलेल्या पद्धतीत जे छापले गेले तेवढेच टिकते. मराठवाड्यातील पुष्कळ कागद फारसी, उर्दू व मोडी लिपीत असून त्यांचा मोठा भाग अप्रकाशित आहे. स्त्रियांच्या ओव्या, बलुतेदारांच्या परंपरा आणि भटक्या समाजांचा इतिहास यांची छापील नोंद त्याहूनही तुरळक आहे. त्यामुळे एखाद्या गावाच्या नोंदीत किल्ला व राजवटी यांना भरपूर जागा मिळते आणि गावकऱ्यांना थोडी. ही उणीव निराधार वाक्यांनी भरून निघत नाही. नोंद अपुरी असल्याचे चर्चा पानावर सांगता येते आणि ती पुरी करणारे संशोधन बाहेर घडू शकते. संदर्भ नसल्याने मोकळी राहिलेली जागा पुढे भरता येते. परंतु तेथे अंदाजाने लिहिलेले वाक्य एकदा सर्वत्र पसरले, की ते मागे घेणे फार अवघड होते.